सरकारचा पैसा नको म्हणणारे भक्त

१७८५ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका कराच्या विरोधात अर्ज फिरत होते. कर तसा गोड होता. पॅट्रिक हेन्री या तिथल्या पुढाऱ्याचं म्हणणं असं की लोकांची नीती बिघडत चाललीय, तेव्हा ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्यांसाठी सरकारने कर गोळा करावा, आणि कोणावर अन्याय नको म्हणून ज्याने त्याने सांगावं, माझा पैसा माझ्या पंथाच्या पाळकाला द्या. म्हणजे प्रत्येकाला वाटा. या कराविरुद्ध जेम्स मॅडिसनने लिहिलेला अर्ज आजही अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवतात, कोर्टाच्या निकालांत त्यातली वाक्यं येतात. त्याच्यावर सह्या पडल्या साधारण १,५५०. त्याच वेळी आणखी एक अर्ज फिरत होता, कोणी लिहिला ते कोणाला धड माहीत नाही. त्यात तर्कशास्त्र कमी आणि बायबल जास्त, मुद्दा एवढाच की असा कर येशूच्या शुभवर्तमानाच्या भावनेविरुद्ध आहे. त्याच्यावर सह्या पडल्या जवळपास ४,९००.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला नेहमी वाटतं, आपण ही गोष्ट उलटी ऐकत आलोय. सरकार आणि धर्म यांच्यात भिंत घालायची हे थॉमस जेफरसन आणि मॅडिसन या पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, शिकल्यासवरलेल्या, धर्माकडे जरा लांबूनच बघणाऱ्या लोकांचं डोकं, आणि बाकीच्या भोळ्या भक्तांनी ते मान्य केलं किंवा सोसलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. भिंतीचं कौतुक करणारे हेच सांगतात आणि भिंतीवर चिडणारेही हेच सांगतात. माझं म्हणणं असं की धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला जेफरसनने, विधानसभेत चालवला मॅडिसनने, पण त्यासाठी चाबूक खाल्ले, तुरुंग भोगला आणि सह्या गोळा करत गावोगाव पाय झिजवले ते रडणाऱ्या-थरथरणाऱ्या, लोकांना नदीत बुचकळून बाप्तिस्मा देणाऱ्या, कॉलेजचं तोंडही न बघितलेल्या फिरत्या बाप्टिस्ट उपदेशकांनी आणि त्यांच्या भक्तांच्या मंडळ्यांनी. त्या करातला वाटा त्यांनाही मिळणार होता. तो त्यांनी नाकारला. ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे जवळपास सरकारी खातंच. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या एका हद्दीच्या, पाळकाचा पगार कायद्याने ठरलेला, वर्षाला १६,००० पौंड तंबाखू, कारण तिथे तंबाखू हेच चलन. हा तंबाखू त्या पाळकाचं प्रवचन ऐकणाऱ्यानेही द्यायचा आणि त्याचं तोंड न बघणाऱ्यानेही द्यायचा. लग्न लावायचं तर कायदेशीर फक्त त्यानेच लावायचं. दुसऱ्या पंथाच्या उपदेशकाला बोलायचं असेल तर लायसन्स लागायचं, ते विल्यम्सबर्गच्या कोर्टातून, आणि ते ठरलेल्या जागेपुरतं, म्हणजे अमुक घर, अमुक सभागृह. आता ज्या माणसाचं कामच आज या खोऱ्यात, परवा त्या शेतात, तेरवा नदीच्या पलीकडे असं आहे, त्याने जागेचा पत्ता कुठला लिहायचा? शिवाय त्यातल्या पुष्कळांचं म्हणणं असं की बोलायची आज्ञा देवाने दिलीय, मग त्याच्यावर कोर्टाचा शिक्का कशाला. अर्जच करायचा नाही. इथूनच सगळं पेटलं.

हे लोक आले कुठून? त्यांच्यातला मोठा माणूस शूबल स्टर्न्स, जन्म १७०६, बोस्टनचा. १७४० च्या दशकात जॉर्ज व्हिटफील्ड या इंग्रज उपदेशकाच्या संजीवन सभांनी न्यू इंग्लंड हलवून सोडलं त्यात हाही हलला, १७५१ मध्ये बाप्टिस्ट झाला आणि १७५५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या सँडी क्रीक नावाच्या आडरानात जाऊन बसला. बरोबर माणसं किती, तर १६. त्या १६ जणांची मंडळी काही वर्षांत ६०६ वर गेली, आणि १७ वर्षांत तिच्यातून ४२ मंडळ्या निघाल्या, १२५ उपदेशक निघाले. मॉर्गन एडवर्ड्स नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने त्या काळात घोड्यावरून फिरून या मंडळ्यांची माहिती जमवली, त्याने हे आकडे लिहून ठेवलेत म्हणून आपल्याला कळतात. स्टर्न्सचं शिक्षण बेताचं, अंगाने लहानखुरा, पण डोळे असे की माणूस खिळून राही, आणि आवाज गाणाऱ्याचा. तो सुरातच बोलायचा, आणि पुढे त्याचे चेलेही तसंच बोलायला लागले, हेल काढून.

एडवर्ड्सने एल्नाथन डेव्हिस नावाच्या तरुणाचा किस्सा दिलाय, तो मला फार आवडतो. याला कळलं की स्टर्न्स अमुक दिवशी जॉन स्टीवर्ड नावाच्या माणसाला पाण्यात बुचकळणार. स्टीवर्ड अगडबंब, स्टर्न्स एवढासा. हा म्हणाला, चला, मजा येणार, कोणीतरी बुडणार नक्की. आठ-दहा टवाळ मित्र घेऊन गडी निघाला, जत्रेत कुस्ती बघायला जावं तसा. तिथे आधी प्रवचन सुरू झालं. मित्र लांबच थांबले, हा गर्दीत घुसला. बघतो तर लोक थरथरतायत, म्हणजे खरंच हातपाय कापतायत, आणि एक माणूस याच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला, याचा नवा कोरा पांढरा कोट भिजला. डेव्हिस घाबरून मित्रांकडे पळाला. म्हणाला, यांच्यात काहीतरी भूत आहे, मी परत जाणार नाही. आणि मग परत गेला. तो स्वरच त्याला ओढत होता म्हणतात. या वेळी कंप त्याच्याच अंगात आला, पाय गेले, खाली पडला. शुद्धीवर आला तेव्हा छातीत नुसती भीती. पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो स्वतः उपदेशक झाला.

आता हे वाचून कोणी म्हणेल, हा तर मास हिस्टेरिया. म्हणा की. मलाही त्यातलं सगळं पटत नाही, नरकाची भीती घालून माणसाला जमिनीवर लोळवायचं यात मला काही उदात्त दिसत नाही. पण त्या रडण्यात आणखी एक गोष्ट होती ती दुर्लक्षून चालणार नाही. त्या गर्दीत कोण कोणाच्या खांद्यावर रडतंय याला बंधन नव्हतं. मंडळीत आल्यावर सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणायचे, एकमेकांचे पाय धुवायचे, शांतीचं चुंबन घ्यायचे, एकत्र जेवायचे. बायका उठून प्रार्थना करायच्या, बोलायच्या. स्टर्न्सची बहीण मार्था स्टर्न्स मार्शल तर अशी बोलायची की तिच्यामुळे अख्ख्या सभा रडल्याचं लिहिलंय. गुलामही तिथेच, त्याच बाकांवर नसले तरी त्याच छताखाली किंवा त्याच झाडाखाली. आणि सभासदांचा न्यायनिवाडा मंडळी स्वतः करायची, दारू, मारहाण, देण्याघेण्यातली फसवणूक, सगळं सभेपुढे. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचं जग म्हणजे घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, पत्ते, नाच आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा मान. इथे कोणीतरी कंगाल शेतकरी सांगतोय की यातलं सगळं पाप आहे आणि तुझा गुलाम तुझा भाऊ आहे. चिडणारच ना.

आणि चिडले. १७६८ च्या जूनमध्ये स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत जॉन वॉलर, लुईस क्रेग आणि जेम्स चाइल्ड्स यांना पकडलं. आरोप शांतताभंगाचा. सरकारी वकिलाची तक्रार गंमतशीर आहे, म्हणाला, यांना रस्त्यात कोणी भेटला की बायबलचं एक तरी वचन त्याच्या घशात कोंबल्याशिवाय हे राहत नाहीत. कोर्ट म्हणालं, एक वर्ष आणि एक दिवस या काउंटीत बोलणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा. नाही म्हणाले. फ्रेडरिक्सबर्गच्या रस्त्यावरून भजनं गात तुरुंगात गेले. यातला वॉलर आधी स्वतः नामी जुगारी, तोंडात शिव्या इतक्या की लोकांनी नावच ठेवलेलं स्वेअरिंग जॅक. आधी क्रेगवर खटला झाला तेव्हा हा ग्रँड ज्युरीत बसला होता. सुनावणी संपल्यावर क्रेगने ज्युरीतल्या लोकांना दारू पाजली आणि म्हणाला, तुमचे आभार, मी वाईट वागत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीत, आता मी सुधारलो आणि शेजाऱ्यांना सुधारायला निघालो तर तुम्हाला माझी एवढी काळजी! ते वॉलरच्या मनाला लागलं. नंतर याच क्रेगबरोबर तो कोठडीत गेला आणि ४३ दिवस बसला.

कल्पेपरच्या तुरुंगातली जेम्स आयर्लंडची गोष्ट तर अंगावर येते. १७६९-७० चा हिवाळा. तो कोठडीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांशी बोलायचा. लोक ऐकायला यायचे आणि त्रास द्यायलाही यायचे. त्याच्या खोलीच्या जमिनीखाली दारूगोळा पेरून उडवायचा प्रयत्न झाला, दाराशी गंधक आणि मिरच्या जाळून धूर आत सोडला, विष घालायचाही प्रयत्न झाला. तो बोलत असताना त्याच्या तोंडावर लघवी करायलाही कमी केलं नाही. आणि हा आतून पत्रं लिहितो त्याच्या वर काय घालतो, तर मुक्काम माझा राजवाडा, कल्पेपर. पण यातली माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट वेगळी आहे. बाहेर उभं राहून ऐकणारे जे काळे गुलाम होते त्यांच्या अंगावर घोडे घातले, त्यांचे कपडे उतरवून त्यांना फटके मारले. आयर्लंडला निदान इतिहासात नाव मिळालं. त्या ऐकणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, आणि धर्मस्वातंत्र्याच्या लढ्यात पहिले फटके खाणाऱ्यांत ते होते.

१७७१ मध्ये कॅरोलाइन काउंटीत पुन्हा वॉलर. सभा चालू असताना पॅरिशचा पाळक स्वतः आला, शेरीफला घेऊन. वॉलर भजन म्हणतोय तर पाळकाने चाबकाचं टोक त्याच्या तोंडात खुपसलं, मग प्रार्थनेच्या वेळी त्याला मंचावरून खेचून खाली पाडलं, डोकं जमिनीवर आपटलं, बाहेर फरफटत नेऊन वीसेक फटके मारले. मार खाऊन झाल्यावर वॉलर रक्ताने माखलेला परत मंचावर चढला आणि प्रवचन पूर्ण केलं. साधारण दहा वर्षांत व्हर्जिनियात असे तीसहून जास्त उपदेशक तुरुंगात जाऊन आले. १७७४ च्या जानेवारीत एक तरुण माणूस मित्राला पत्र लिहितो की माझ्या शेजारच्या काउंटीत पाच-सहा भली माणसं आपले धर्मविचार सांगितले म्हणून तुरुंगात पडलीत, आणि या राक्षसी छळाने माझं डोकं भडकलंय. तो तरुण म्हणजे जेम्स मॅडिसन, वय २२. म्हणजे कोणाकडून कोण शिकलं ते बघा.

उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समध्ये चाबूक कमी, कागद जास्त. तिथलं सरकारी चर्च काँग्रिगेशनल, जुन्या प्युरिटन लोकांचं. तिथे बाप्टिस्टांना करात सूट होती, फक्त चार पेन्स देऊन एक सर्टिफिकेट आणायचं की हा माणूस खरोखरच बाप्टिस्ट आहे. वर्षानुवर्षं लोक ही सर्टिफिकेटं काढत राहिले, आणि अधिकारी कधी मानायचे, कधी नाही मानायचे. ॲशफील्ड गावात बाप्टिस्टांनी कर दिला नाही म्हणून १७७० मध्ये त्यांची सुमारे ४०० एकर जमीन मातीमोल भावाने लिलावात काढली, त्यात फळबागा होत्या आणि त्यांची दफनभूमीसुद्धा होती. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये आयझॅक बॅकस या उपदेशकाच्या विधवा आईला १७५२ मध्येच चर्चचा कर न दिल्याबद्दल तुरुंगात टाकलं होतं. पुढे या बॅकसनेच सगळ्यांना सांगितलं की सर्टिफिकेट काढणं बंद करा. कारण सर्टिफिकेट मागितलं म्हणजे सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे हे तुम्ही मान्य केलंत, मग रक्कम चार पैसे असो की चारशे.

त्याच वेळी बोस्टनमध्ये चहावरच्या कराविरुद्ध रणकंदन चालू होतं. बॅकसने विचारलं, चहाचा कर नको असेल तर चहा पिऊ नका, सुटलात, पण तुम्ही आमच्यावर लादलेल्या करातून आम्ही सुटायचं कसं? १७७४ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरलेली, आणि स्वातंत्र्याच्या नावाने गर्जना करणारे जॉन ॲडम्स, सॅम्युएल ॲडम्स यांच्यापुढे बाप्टिस्टांनी ही तक्रार मांडली. उत्तर मिळालं की मॅसॅच्युसेट्सने ही व्यवस्था सोडावी अशी अपेक्षा करणं म्हणजे सूर्यमालेने आपली चाल बदलावी म्हणण्यासारखं आहे. ॲशफील्डच्या लोकांना शेवटी दिलासा कोणी दिला माहितेय? इंग्लंडच्या राजाने. ज्या कायद्याने त्यांच्यावर कर लादला होता तो कायदाच १७७१ मध्ये लंडनमधून रद्द झाला. स्वातंत्र्यवीरांपेक्षा राजा बरा निघाला. हे वाक्य अमेरिकन लोकांपुढे म्हणायला जरा धाडसच लागतं.

एक फाटा इथे आपल्याकडेही येतो. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या याच काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानात पाठवले, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना सांगितलं, चला, परत जा. मग या दोघांनी गव्हर्नर इव्हान नेपियनकडे अर्जांवर अर्ज केले, की देवाचं वचन सांगायला सरकारने आम्हाला अडवू नये. मुद्दा अगदी बरोबर. फक्त त्यांच्याच राज्यात तेव्हा बाप्टिस्टांकडून चर्चच्या कराचे कागद मागणं चालू होतं, आणि ते पुढे १८३३ पर्यंत चाललं. त्यांच्याच बरोबर निघालेले ॲडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस कलकत्त्यात पोचून बाप्टिस्ट झाले, तिथे जवळच बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आधीच बसलेला, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तोच. परक्या देशात सरकारचं लायसन्स आपल्याला लागू झालं की लायसन्सचा खरा चेहरा दिसतो.

परत व्हर्जिनियात येऊ. १७७६ पासून बाप्टिस्टांनी अर्जांचा धडाका लावला, एका अर्जावर दहा हजार सह्या होत्या. १७८० मध्ये लग्न लावायचा हक्क मिळाला. आणि मग आला हेन्रीचा तो गोड कर. प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक आधी थोडे विरघळले, पैशाचा प्रश्न होता शेवटी. बाप्टिस्टांनी १७८५ मध्ये ठराव केला की हा कर नको. का? माझ्या मते कारण सरळ आहे, त्यांनी सरकारी पगार खाणारा पाळक जवळून बघितला होता. तो वॉलरच्या तोंडात चाबूक खुपसणारा माणूस जन्मजात दुष्ट नव्हता. आपल्या तंबाखूच्या पगारात वाटेकरी येतील असा त्याला धाक होता. ज्याचा पगार ऐकणाऱ्यांवर अवलंबून नाही त्याला ऐकणाऱ्यांना धरून ठेवायची गरज पडत नाही, त्याला फक्त लोकांचं दुसऱ्याला ऐकणं बंद पाडावं लागतं. हे तत्त्वज्ञान त्यांनी पुस्तकातून काढलं नव्हतं, पाठीवरच्या वळांतून काढलं होतं. हेन्रीचा कर पडला आणि १७८६ च्या जानेवारीत जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला.

यातला जॉन लेलँड मला सगळ्यात आवडतो. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, १७५४, मग चौदा-पंधरा वर्षं व्हर्जिनियात घोड्यावर फिरला. त्याचं एक म्हणणं असं की प्रत्येकाने आपल्या श्रद्धेने भक्ती करावी, एका देवाची, तीन देवांची, वीस देवांची किंवा देवच नको, आणि सरकारने त्याला तसं करताना संरक्षण द्यावं. १७९० चं वाक्य आहे हे, एका कडव्या बाप्टिस्ट उपदेशकाचं! त्याला स्वतःला वीस देव मानणाऱ्यांची अजिबात कदर नव्हती, त्याच्या मते ते नरकाच्याच वाटेवर होते, पण नरकाची वाट अडवणं हे तहसीलदाराचं काम नाही एवढं त्याला पक्कं कळलेलं. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावी तो पाळक झाला, तिथल्या शेतकऱ्यांनी जेफरसनसाठी १,२३५ पौंडांचं चीज बनवलं आणि लेलँड ते घेऊन वॉशिंग्टनला गेला. १ जानेवारी १८०२ ला ते पोचतं केलं. बरोबरच्या पत्रात अभिमानाने लिहिलेलं की हे बनवताना एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. घेणारा शेकडो गुलामांचा मालक. भेटवस्तू फुकट घ्यायची नाही म्हणून जेफरसनने चीजचे २०० डॉलर दिले. आणि त्याच दिवशी त्याने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते पत्र लिहिलं ज्यात चर्च आणि सरकार यांच्यातल्या भिंतीचे शब्द आहेत. म्हणजे ते गाजलेले शब्दसुद्धा कोणाच्या तक्रारीला उत्तर म्हणून आले, तर बाप्टिस्टांच्याच.

इथपर्यंत गोष्ट छान आहे आणि इथे थांबलं तर खोटी होईल.

लेलँडच्याच पुढाकाराने १७९० च्या सुमारास व्हर्जिनियातल्या बाप्टिस्टांच्या जनरल कमिटीने ठराव केला की गुलामगिरी म्हणजे निसर्गाने दिलेल्या हक्कांची हिंसक लूट आहे, आणि ही घाण देशातून काढायला प्रत्येक कायदेशीर मार्ग वापरावा. भारी ठराव. पण तोवर मंडळ्यांत मालक लोक येऊ लागले होते, प्रतिष्ठा येऊ लागली होती, पूर्वी चाबूक मारणाऱ्यांची मुलं आता बाप्तिस्मा घेत होती. खालच्या संघटनांनी कुरकुर केली. १७९३ मध्ये तीच कमिटी म्हणाली, हा विषय बंद, हा विधिमंडळाचा प्रश्न आहे, आमचा नाही. आता यात मेख बघा. आपला तंबाखू, आपलं लग्न, आपलं लायसन्स यासाठी हेच लोक वीस वर्षं त्याच विधिमंडळाचे उंबरे झिजवत होते. तेव्हा तो धर्माचा प्रश्न होता. शेजारच्या ब्रदरच्या पाठीचा आणि पोटच्या पोरांचा प्रश्न आला तेव्हा तो अचानक राजकारणाचा झाला. भिंत बांधली होती सरकारने मंडळीत शिरू नये म्हणून, हे तिच्या आडोशाला जाऊन बसले. १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले, भांडण काय तर गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो की नाही. त्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षांनी. लेलँड स्वतःही म्हातारपणी गुलामगिरी तातडीने संपवा म्हणणाऱ्यांवरच टीका करू लागला होता, त्याला माझ्याकडून सूट नाही.

कोणी म्हणेल, बघा, म्हणजे धर्म आणि सरकार वेगळं ठेवलं की धर्म असा नेभळट होतो. मला ते पटत नाही, कारण त्याच काळात, त्याच पंथात दुसरे बाप्टिस्ट होते. जॉर्ज लील हा गुलाम म्हणून जन्मलेला उपदेशक, जॉर्जियाकडच्या सवाना नदीच्या काठाने फिरून बोलायचा, १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जमैकाला गेला आणि तिथे मंडळी उभी केली, कॅरी हिंदुस्थानला निघायच्या दहा वर्षं आधी. त्याने बाप्तिस्मा दिलेला अँड्र्यू ब्रायन सवानात गुलामांच्या सभा घ्यायचा म्हणून त्याला आणि त्याच्या लोकांना रक्त येईस्तोवर फटके मारले, तो म्हणाला येशूसाठी मरायलाही तयार आहे. १७८८ मध्ये त्याची मंडळी रीतसर उभी राहिली. या मंडळीला सरकारची मदत नव्हती, उलट पहारा होता. धर्म नेभळट होतो तो सरकारपासून लांब राहिल्यामुळे होत नाही. बलवान लोक पहिल्या रांगेत येऊन बसले आणि त्यांना उठवायची हिंमत राहिली नाही की होतो, आणि हिंमत काही सरकारी पोस्टरमधून येत नाही.

पोस्टर म्हणायचं कारण असं की २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने कायदा केला, सरकारी शाळेतल्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लावायचं, कमीत कमी ११ बाय १४ इंच. २०२५ मध्ये टेक्सासनेही तसाच कायदा केला, जिथे ह्यूस्टन-डॅलसच्या शाळांत आपली मराठी मुलंही बसतात. कोर्टकचेऱ्या झाल्याच. याच्या बाजूने बोलणाऱ्यांत बाप्टिस्ट पुष्कळ आहेत आणि त्यातले काही अगदी मनापासून सांगतात की आमच्या पूर्वजांना हेच हवं होतं. कुठल्या पूर्वजांना? लेलँडने लिहून ठेवलंय की ख्रिस्ती राज्य ही कल्पनाच कायमची उडवून लावली पाहिजे. रविवारी टपाल बंद ठेवा ही मागणी आली तेव्हा त्यानेच विरोध केला होता, रविवार पवित्र मानणारा माणूस असूनही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की एका कागदाने काय बिघडतं, कोणावर जबरदस्ती थोडीच आहे, नको असेल त्याने बघू नये. पण दहा आज्ञा एकाच पद्धतीने मोजल्या जात नाहीत, ज्यूंची मांडणी वेगळी, कॅथलिकांची वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी, त्यामुळे कुठला मजकूर छापायचा हे विधानसभेला ठरवावं लागलं आणि तिने तो कायद्यातच शब्दशः घालून दिला. म्हणजे देवाच्या आज्ञेचा अधिकृत पाठ कुठला ते आमदार ठरवणार. बॅकसच्या मंडळींनाही हेच सांगितलं होतं की एक सर्टिफिकेट, चार पेन्स, काय बिघडतं. त्यांना ते चार पेन्स परवडत होते.